टिल्ली मुंगी आणि मुका खोका

ऐका. गोष्ट लहान आहे. मुंगीएवढी.

एक होती मुंगी. तिचं नाव टिल्ली. भिंतीच्या कोपऱ्यात तिचं घर. घरात तिची राणीआई. आणि पुष्कळ बाळं. पांढरी पांढरी, गोल गोल. बाळांना दात नव्हते. बाळांना हवी साखर.

त्याच घरात माणसंही राहत. दोनच माणसं. शालनताई आणि तिचे वडील, आप्पा.

शालनताईकडे गिटार होती. विजेची गिटार. नुसती छेडली तर म्हणे, टिंग. शेजारच्या खोलीतसुद्धा ऐकू जात नसे. अशा गिटारला एक खोका लागतो. गिटार म्हणते टिंग. खोका म्हणतो ढॅणणण! त्या खोक्याला म्हणतात अ‍ॅम्प्लिफायर. आपण म्हणू खोका.

शालनताईने जुन्या बाजारातून खोका आणला. घरी आली. गिटार जोडली. टिंग केलं.

खोका गप्प.

पुन्हा टिंग केलं.

खोका गप्पच.

आप्पा म्हणाले, "शालन, हे काय आणलंस गं?"

"अ‍ॅम्प्लिफायर आहे, आप्पा."

"मुका आहे."

"बोलेल, आप्पा. मी दुरुस्त करीन."

"त्यापेक्षा जुनी सायकल आणायचीस. ढकलली तर चालली तरी असती."

ताई हसली. तिने खोक्याची मागची फळी उघडली. आत डोकावली. "कळलं मला! उद्या करते," म्हणाली.

पण उद्या होता दसरा. दसऱ्याला अवजारांची पूजा. ताईने पाट मांडला. पाटावर सगळी अवजारं ठेवली. हळद लावली, कुंकू लावलं. झेंडूची फुलं वाहिली. वाटीत साखर ठेवली. नैवेद्य दाखवला. पाटाशेजारी खोका ठेवला. त्यालाही एक फूल.

नैवेद्याची साखर सांडली. एकच दाणा. पण केवढा! टिल्लीच्या डोक्याएवढा.

टिल्लीने दाणा उचलला. तुरुतुरु, तुरुतुरु निघाली. खोक्यावरून जवळची वाट होती. ती खोक्यावर चढली. खोक्याला पुढे होती जाळी. जाळीच्या कडेला होती फट.

आणि टुपकन!

साखर फटीत पडली.

टिल्लीने पाय घातला. पाय पोचला, साखर हलेना. टिल्लीने डोकं घातलं. डोकं शिरेना. तिने ओढलं, ढकललं, फुंकलं. साखर घट्ट अडकली. वाटीतली साखर देवाची, ती घ्यायची नाही.

तेवढ्यात तिला दारात काहीतरी काळं दिसलं. मुंगळे! मोठे काळे मुंगळे. लांब पायांचे. मुंगळे साखर सोडत नाहीत. त्यांचे पाय फटीत आरामात जातात.

टिल्ली घाबरली. पण रडली नाही. तिने विचार केला. खोका वाजला तर थरथरेल. खोका थरथरला तर साखर सुटेल.

ती खोक्याला म्हणाली,

"खोक्या खोक्या, घूम!
साखर सुटेना,
बाळं जेवेनात,
काय करू बाई!"

खोका जाड आवाजात म्हणाला, "मी नाही घुमत. माझ्या पोटातली तार तुटली. आधी तार जुळू दे."

टिल्ली निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. खोक्याच्या मागून आत शिरली. आत अंधार. आत धूळ. फॅक! टिल्ली शिंकली. कोपऱ्यात तुटकी तार लोंबत होती.

"तारे तारे, जूळ!
खोका घुमेना,
साखर सुटेना,
बाळं जेवेनात,
काय करू बाई!"

तार बारीक आवाजात म्हणाली, "मी नाही जुळत. नुसती जुळले तर पुन्हा सुटते. मागे सुटले होते ना! आधी माझ्यावर कथील वितळू दे."

"कथील म्हणजे कोण?"

"पाटावर बघ. चकचकीत. गुंडाळी करून झोपलेलं."

टिल्ली निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. पाटावर चढली. हळदीतून गेली. पिवळी झाली. कुंकवातून गेली. लाल झाली. कथील खरंच झोपलं होतं. घुर्रर, घुर्रर.

"कथीलराव कथीलराव, वितळा!
तार जुळेना,
खोका घुमेना,
साखर सुटेना,
बाळं जेवेनात,
काय करू बाई!"

कथीलरावांनी एक डोळा उघडला. "मी नाही वितळत. थंड आहे तोवर मी कडक. आधी डागणी तापू दे." आणि डोळा मिटला. घुर्रर, घुर्रर.

डागणी म्हणजे टोकदार सळई. ती विजेवर तापते आणि कथील वितळवते. तीही पाटावरच होती. कपाळाला मोठं कुंकू. गळ्यात झेंडू. ऐटीत पडली होती.

"डागणीबाई डागणीबाई, तापा!
कथील वितळेना,
तार जुळेना,
खोका घुमेना,
साखर सुटेना,
बाळं जेवेनात,
काय करू बाई!"

डागणी म्हणाली, "अगं, हळू बोल. माझं फूल पडेल. मी नाही तापत. आधी भिंतीवरचं बटण वाजू दे."

टिल्लीने वर बघितलं. बटण उंच. फार उंच.

मुंगळे उंबरा ओलांडून आत आले.

टिल्ली निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. भिंत चढली. घसर्र! खाली आली. पुन्हा चढली. घसर्र! पुन्हा चढली. आणि पोचली.

"बटणा बटणा, वाज!
डागणी तापेना,
कथील वितळेना,
तार जुळेना,
खोका घुमेना,
साखर सुटेना,
बाळं जेवेनात,
काय करू बाई!"

बटण म्हणालं, "मी नाही वाजत."

टिल्ली बटणावर चढली. उडी मारली. धप्प! काही झालं नाही. पुन्हा मारली. धप्प!

बटण म्हणालं, "गुदगुल्या होतात गं. मला बोट लागतं बोट. माणसाचं. आधी ताई उठू दे."

टिल्ली निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. ताई खिडकीपाशी बसली होती. मांडीवर गिटार. फडक्याने पुसत होती. टिल्ली गिटारवर चढली. अगदी तारांपाशी उभी राहिली.

"ताई ताई, ऊठ!
बटण वाजेना,
डागणी तापेना,
कथील वितळेना,
तार जुळेना,
खोका घुमेना,
साखर सुटेना,
बाळं जेवेनात,
काय करू बाई!"

ताई म्हणाली, "अगं माझ्या टिल्ले! मलाही खोका हवाच आहे. संध्याकाळी माणसं येतील, सोनं द्यायला. आपट्याची पानं देतील. त्यांना मला गिटार ऐकवायची आहे. पण मी नाही उठत. पाटावर पूजा आहे. पूजेतलं अवजार उचलायचं नसतं."

"मग कधी उचलायचं?"

"अक्षता टाकली की. पाटावर तांदळाचे दाणे वाहायचे. मग पाट हलवायचा. मग पूजा उठली. आमच्याकडे अक्षता आप्पा टाकतात. आधी आप्पांची अक्षता पडू दे."

टिल्ली निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. आप्पा ओसरीवर बसले होते. ताठ. पांढरी टोपी. पांढऱ्या मिशा. टिल्ली त्यांच्या गुडघ्यावर चढली.

"आप्पा आप्पा, अक्षता टाका!
ताई उठेना,
बटण वाजेना,
डागणी तापेना,
कथील वितळेना,
तार जुळेना,
खोका घुमेना,
साखर सुटेना,
बाळं जेवेनात,
काय करू बाई!"

आप्पांनी चष्मा लावला. गुडघ्याकडे बघितलं. "कोण बोलतंय?"

"मी टिल्ली."

"आवाज मोठा आहे तुझा. त्या खोक्यापेक्षा बरा."

आप्पा उठले. पूजेपाशी गेले. अक्षतांची वाटी उचलली. डोळ्यांजवळ नेली. मिशा थरथरल्या.

"शालन! वाटीत हे काय आहे?"

"तांदूळ, आप्पा."

"ही कणी आहे. तुटका तांदूळ."

ताईने जीभ चावली. "डब्यात तेवढीच होती. अख्खा तांदूळ सणाच्या भातात गेला."

"मग दुकानातून आण."

"दुकान बंद आहे. आज दसरा ना!"

आप्पांनी वाटी खाली ठेवली. टक्! "मी नाही टाकत. कणीची अक्षता होत नाही. अक्षता अख्ख्या दाण्याची. मोडकं देवाला द्यायचं नाही. आधी अख्खा दाणा येऊ दे."

"एकदा चालेल की, आप्पा," ताई म्हणाली.

"नाही चालणार."

आप्पा परत जाऊन बसले. ताठ.

मुंगळे पाटापाशी आले. वाटीतली साखर त्यांना पुरेना. त्यांनी वास घेतला. हुंग, हुंग. खोक्याकडे वळले.

टिल्ली धावली. तुरुतुरु, तुरुतुरु. अक्षतांच्या वाटीत उतरली. तिथे होती कणी. छोटी, पांढरी, तुटकी.

"कणी कणी, दाणा हो!
अक्षता पडेना,
ताई उठेना,
बटण वाजेना,
डागणी तापेना,
कथील वितळेना,
तार जुळेना,
खोका घुमेना,
साखर सुटेना,
बाळं जेवेनात,
काय करू बाई!"

कणी हळूच म्हणाली, "व्हायचं आहे गं मला. पण माझा अर्धा तुकडा गिरणीतच राहिला. आता मी अख्खी कशी होऊ?"

टिल्लीला वाईट वाटलं. तिने कणीच्या पाठीवरून पाय फिरवला.

कणी म्हणाली, "तुझ्या अंगाला वास येतो. अख्ख्या तांदळाचा. तो कुठे आहे?"

टिल्ली दचकली. तो तर तिच्याच घरात होता! राणीआईच्या खोलीत. घरातला एकच अख्खा दाणा.

टिल्ली निघाली. तुरुतुरु तुरुतुरु तुरुतुरु तुरुतुरु! भिंतीच्या कोपऱ्यात शिरली. बाळं रडत होती. कुंई, कुंई, कुंई.

"आई आई, दाणा दे!
कणी दाणा होईना,
अक्षता पडेना,
ताई उठेना,
बटण वाजेना,
डागणी तापेना,
कथील वितळेना,
तार जुळेना,
खोका घुमेना,
साखर सुटेना,
बाळं जेवेनात,
काय करू आई!"

राणीआई म्हणाली, "हा दाणा थंडीसाठी ठेवला आहे. तेव्हा बाहेर जाता येत नाही. तेव्हा हाच खायचा."

"पण बाळांना आज भूक लागली आहे."

"दाणा गेला आणि साखर नाही आली तर?"

बाळं रडत होती. कुंई, कुंई.

राणीआईने बाळांकडे बघितलं. टिल्लीकडे बघितलं. टिल्ली पिवळी होती, लाल होती, धुळीने माखली होती.

राणीआई म्हणाली, "ने. पण सांभाळून. मोडला तर कणी होईल."

टिल्लीने दाणा डोक्यावर घेतला. जड, फार जड! आता तुरुतुरु नाही. आता हळू. एक पाय. मग दुसरा पाय. हळूऊऊ.

वाटेत फरशीला खाच होती. टिल्लीचा पाय अडकला. टिल्ली कलंडली. दाणा घसरला. आता आपटणार!

टिल्ली पटकन दाण्याखाली गेली. धप्प! टिल्ली खाली, दाणा वर. टिल्लीचं पोट दुखलं. पण दाणा?

दाणा अख्खा!

मुंगळे खोक्यावर चढले. फटीपाशी पोचले. एकाने पाय आत घातला.

टिल्ली आप्पांच्या पायाशी आली. "आप्पा, दाणा!"

आप्पांनी दाणा उचलला. चष्म्यापुढे धरला. इकडून बघितला. तिकडून बघितला. ताईने श्वास रोखला.

"अख्खा आहे," आप्पा म्हणाले.

मग काय!

आप्पांनी पूजेपाशी येऊन अक्षता टाकली. हात जोडले. पाट हलवला. सर्रर!

ताई उठली. टुणकन!

बटण वाजलं. टिचक!

डागणी तापली. लालेलाल!

कथील वितळलं. चुर्रर! कथीलराव जागे झाले आणि चमचमले.

तार जुळली. घट्ट!

ताईने गिटार गळ्यात अडकवली. खोक्याला जोडली. टिंग केलं.

खोका म्हणाला, "हूंऽऽऽ."

आप्पा म्हणाले, "कण्हतोय."

"थांबा हो, आप्पा!"

ताईने पुन्हा हात फिरवला. आणि...

ढॅणणणण!

खोका घुमला! खिडकी थरथरली. पाट थरथरला. झेंडू उडाला. मुंगळे उडाले! एक इकडे, एक तिकडे, एक आप्पांच्या टोपीवर. उठले आणि पळाले. उंबऱ्याबाहेर. थेट रस्त्यावर.

आणि साखर सुटली. टुण्!

टिल्लीच्या पुढ्यात पडली.

टिल्ली नाचली. तुरुतुरु गोल, तुरुतुरु गोल. ताई वाजवत होती. ढॅण ढॅण ढॅणणण! आप्पा ताठ बसले होते. पण त्यांच्या पायाचा अंगठा हलत होता. ढॅण ढॅण, ढॅण ढॅण.

"कसा बोलतो, आप्पा?" ताईने विचारलं.

"बरा बोलतो," आप्पा म्हणाले. अंगठा थांबेना.

मग आप्पा वाकले. पाटावरून तांदळाचा दाणा उचलला. टिल्लीपुढे ठेवला.

"पूजा झाली. हा आता प्रसाद. तुझा तू ने. तुझ्या थंडीचा घास मी ठेवून घेणार नाही."

टिल्ली बघतच राहिली. साखरही तिची, दाणाही तिचा!

आधी तिने साखर नेली. मग येऊन दाणा नेला.

संध्याकाळी माणसं आली. आपट्याची पानं दिली. सोनं घ्या, सोन्यासारखं राहा! ताईने गिटार वाजवली. लोक म्हणाले, "वा! हा खोका कुणी दुरुस्त केला?"

आप्पांनी मिशांवर हात फिरवला. "आमच्या शालनने. आणि अक्षता आमच्या टिल्लीची."

"टिल्ली कोण?"

"आहे एक आमच्याकडे," आप्पा म्हणाले.

तिकडे भिंतीच्या कोपऱ्यात बाळं साखर चाटत होती. चुटूक चुटूक, चुटूक चुटूक. कुणी रडत नव्हतं. राणीआई टिल्लीचं दुखरं पोट चोळत होती. भिंतीतून आवाज येत होता. ढॅण ढॅण ढॅणणण. बाळं त्या तालावर डुलत होती.

साखर पोटात. दाणा घरात. सूर खोक्यात. गोष्ट तुमच्या कानात.

मिटा डोळे.